तात्पुरते लोणचे : मिठाचे काम लिंबाकडे

फाल्गुन सरत आला की पाथर्डीच्या बाजारात दोन ऋतू शेजारी शेजारी बसलेले दिसतात. एका पोत्यावर हिवाळ्यातली शेवटची गाजरे, मुळा आणि फ्लॉवर. दुसऱ्यावर हंगामातली पहिली, अजून कोय न धरलेली कोवळी कैरी. मधेच ओल्या हळदीचे उरलेसुरले कंद, नव्या लसणाच्या जुड्या आणि हिरव्या मिरच्यांचा ढीग. मढीची कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. याच सुमारास तालुक्यातून ऊसतोडणीला गेलेली कुटुंबे गावाकडे परतू लागतात. चार-पाच महिने बंद असलेली घरे उघडतात, चुली पेटतात. गेल्या वर्षीच्या लोणच्याची बरणी तोवर तळाला गेलेली असते आणि वर्षभराचे नवे कैरीचे लोणचे घालायला अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो. या मधल्या काळात घरोघरी होते ते तात्पुरते लोणचे. हाताशी असेल ती भाजी चिरायची, मीठ, मोहरी, लिंबू घालायचे, आणि चार दिवसांत संपवायचे.

या साध्या, घाईच्या पदार्थाकडे आरोग्याच्या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही. पाहायला मात्र हवे. रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर सांगतात, ‘लोणचे, पापड बंद करा.’ रुग्ण मान डोलावतो आणि घरी जाऊन बरणी उघडतो. कारण सरळ आहे. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी बहुतेक घरांत मिठाशिवायच थापली जाते. कालवण पातळ असेल, भाजी नसेल, तर ताटाच्या डाव्या बाजूला काहीतरी खमंग लागतेच. ‘डॉक्टर, लोणच्याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही,’ हे गावाकडच्या आबांचे म्हणणे खोटे नसते. जो सल्ला पाळताच येत नाही तो कागदावरच राहतो. म्हणून ‘लोणचे खाऊ नका’ याऐवजी ‘कोणते लोणचे, किती मिठाचे आणि किती दिवसांचे’ हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

बरणीतले मीठ, ताटातले मीठ

वर्षभराच्या लोणच्यात मीठ चवीपुरते नसते. तिथे ते राखणदार असते. मीठ भाजीतले पाणी ओढून घेते. फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात पातेल्यात पाणी सुटते, ते यामुळेच. जे पाणी आत उरते तेही मिठाने इतके बांधले जाते की जंतूंना ते वापरता येत नाही. पाणी नाही तर वाढ नाही. मिठाचे प्रमाण पुरेसे असले की लोणचे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा न बिघडता काढते. वरून तेलाचा थर हवा अडवतो, त्यामुळे बुरशीला वाव राहत नाही. आजी-पणजींनी हे शास्त्र शब्दांत मांडले नसेल, पण ‘मीठ हात राखून घालू नका, लोणचे नासेल’ हा त्यांचा इशारा शंभर टक्के बरोबर होता.

अडचण अशी की, बरणीला वाचवणारे हे मीठ शेवटी माणसाच्या पोटात जाते. हिशेब करून पाहावा. एक किलो कैरीच्या फोडींना साधारण २०० ग्रॅम मीठ घातले, मसाला आणि तेल धरून सगळ्याचे वजन दीड-पावणेदोन किलो झाले, तर लोणच्यात सुमारे १२ टक्के मीठ असते. म्हणजे एक मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम लोणचे खाल्ले की पोटात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मीठ गेले. दोन वेळा तेवढे घेतले की साडेतीन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे असे सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही हीच ५ ग्रॅमची मर्यादा आहे. हे ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा; त्यात कालवण, भाजी, चटणी, फरसाण सगळे आले. त्यातले जवळजवळ तीन हिस्से एकट्या लोणच्याने संपवले, तर बाकीच्या स्वयंपाकाला काय उरले?

देशभर झालेल्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतीय माणूस दिवसाला सरासरी सुमारे ८ ग्रॅम मीठ खातो असे दिसले. पुरुष ८.९ ग्रॅम, स्त्रिया ७.१ ग्रॅम. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी त्यांची गोळी चालू होती. म्हणजे साधारण दर चार-पाच प्रौढांमागे एक. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. अनेकांना तो कळतो तो अर्धांगवायूचा झटका आल्यावर, हृदयविकाराने दवाखान्यात आणल्यावर किंवा मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्यावर.

मीठ जास्त झाले की रक्तात सोडियम वाढते आणि ते सौम्य करण्यासाठी शरीर पाणी धरून ठेवते. रक्ताचे आकारमान वाढते, रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढतो. निरोगी मूत्रपिंडे जास्तीचे मीठ बाहेर टाकतात, पण वय वाढेल तशी, आणि आधीच रक्तदाब असेल तर अधिकच, त्यांची ही ताकद कमी पडते. अमेरिकेत ४१२ जणांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात तीन वेगवेगळ्या प्रमाणांत मीठ असलेला आहार देऊन पाहिला गेला. मीठ जसजसे कमी झाले तसतसा रक्तदाब उतरला, आणि ज्यांचा तो आधीच वाढलेला होता त्यांचा अधिक उतरला. अशा अनेक अभ्यासांचे सार असे की, रोजचे मीठ चार-साडेचार ग्रॅमने कमी केले तर रक्तदाबाच्या रुग्णाचा वरचा आकडा सरासरी पाचेक अंशांनी खाली येतो. ऐकायला हे थोडे वाटते, पण रोज, वर्षानुवर्षे, धमन्यांवरचा एवढा भार कमी होणे ही मोठी गोष्ट आहे.

राखणदार बदलला तर

तात्पुरत्या लोणच्याला वर्षभर टिकायचे नसते. आठवडाभर टिकले की त्याचे काम झाले. त्यामुळे त्यात वर्षभराच्या लोणच्याइतके मीठ घालण्याची गरज उरत नाही. तरी अनेक घरांत सवयीने हात तेवढाच सुटतो. मीठ कमी करता येते, मात्र एका अटीवर : मिठाचे राखणीचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवले पाहिजे. तो दुसरा राखणदार म्हणजे आंबटपणा. आणि त्याच्या जोडीला थंडावा आणि मोजलेले दिवस.

आंबटपणा ‘पीएच’ या आकड्यात मोजतात. आकडा जितका लहान, तितका पदार्थ आंबट. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो, कोवळ्या कैरीचाही तीनच्या खालीवर. उलट गाजर, मुळा, फ्लॉवर, मिरची, लसूण या सगळ्यांचा पीएच पाच ते साडेसहाच्या दरम्यान, म्हणजे आंबटपणा जवळजवळ नाहीच. अन्नसुरक्षेच्या शास्त्रात ४.६ हा आकडा महत्त्वाचा मानतात. बोटुलिझम नावाचा, विरळ पण जीवघेणा आजार करणारा जंतू त्याखालच्या आंबटपणात वाढू शकत नाही. इतरही अनेक रोगजंतूंची वाढ तिथे मंदावते किंवा थांबते.

यातून एक महत्त्वाचा फरक कळतो. कैरीचे लोणचे आपला आंबटपणा स्वतः घेऊन येते. मीठ थोडे कमी झाले तरी ते पटकन घातक होत नाही. गाजर-मुळ्याच्या लोणच्यात तो आंबटपणा आपल्याला बाहेरून घालावा लागतो. दोन थेंब लिंबू पिळून ‘चवीला आले’ म्हणून भागत नाही. अर्धा किलो भाजीला सहा-सात लिंबांचा, म्हणजे निदान १०० मिलिलिटर रस लागतो. श्रीगोंद्याची लिंबे जिल्ह्यात सगळीकडे मिळतात, पण उन्हाळ्यात त्यांचे भाव चढतात हेही खरे. तेव्हा दोन पर्याय आहेत. एक, निम्मी भाजी आणि निम्मी किसलेली कैरी. चैत्रात हे सर्वांत स्वस्त पडते. दुसरा, किराणा दुकानात मिळणारे पांढरे व्हिनेगर लिंबाच्या रसाइतक्याच मापाने. चिंचेचा कोळ चवीला छान लागतो, पण त्याचा आंबटपणा दर वेळी सारखा नसतो. म्हणून चिंचेचे लोणचे करून त्याच दिवशी खावे, ठेवू नये.

कृती

पाव किलो गाजर आणि पाव किलो मुळा किंवा फ्लॉवर घ्यावा. वाहत्या पाण्याखाली नीट धुवावा. मुळा-गाजराच्या सालीला शेतातली माती आणि तिच्यातले जंतू चिकटलेले असतात, म्हणून साल खरवडून काढावी. फ्लॉवरचे तुरे उकळत्या पाण्यातून दोन मिनिटे काढावेत. अळ्याही जातात आणि तुऱ्यांचा उग्र वासही. मग सगळे स्वच्छ फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे करावे. फोडी बारीक, काडीसारख्या चिराव्यात. याचा संबंध दिसण्याशी कमी आणि सुरक्षिततेशी जास्त आहे, कारण जाड फोडीच्या गाभ्यापर्यंत आंबटपणा पोचायला वेळ लागतो. पाच-सहा हिरव्या मिरच्या आणि बोटभर ओली हळद व आले असेच चिरून घालावे. मिरची अख्खी घालायची असेल तर तिला उभी चीर द्यावी.

या भाजीला १० ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे, चोळून अर्धा तास ठेवावे. सुटलेले पाणी टाकून न देता त्यातच पुढचे करावे.

दोन मोठे चमचे मोहरीची डाळ थोडे पाणी घालून फेसावी. इथे एक रंजक गोष्ट घडते. अख्ख्या मोहरीला जवळजवळ वास नसतो. ती कुटली आणि तिला पाणी लागले की तिच्या पेशींत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली दोन द्रव्ये एकत्र येतात. एक विकर दुसऱ्याचे विघटन करते आणि नाकात झिणझिण्या आणणारे तीक्ष्ण तेल तयार होते. हेच तेल अनेक जंतू आणि बुरशींनाही नकोसे असते. मात्र उष्णतेने ते विकर निकामी होते. म्हणून मोहरी साध्या पाण्यातच फेसावी, दहा मिनिटे तशीच राहू द्यावी, आणि मगच लिंबाच्या रसात मिसळावी. कडकडीत तेल थेट मोहरीवर ओतले तर ती चढतच नाही आणि लोणचे कडवट, मचूळ लागते.

शेवटी दोन मोठे चमचे तेलाची मोहरी, हिंग आणि चिमूटभर मेथीपूड घालून केलेली फोडणी पूर्ण थंड करून घालावी. थोडे तेल हवेच. गाजराचा केशरी रंग ज्याने येतो ते बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, तेलाशिवाय नीट शोषले जात नाही. सगळे हलवून काचेच्या कोरड्या बरणीत भरावे. भाजी रसाच्या वर डोके काढत असेल तर चमच्याने दाबून बसवावी. चार-पाच तासांनी लोणचे खायला तयार होते. दुसऱ्या दिवशी ते अधिक मुरते.

आता पुन्हा हिशेब. या लोणच्याचे एकूण वजन साधारण साडेसहाशे ग्रॅम होते आणि त्यात मीठ १० ग्रॅम, म्हणजे दीड टक्का. एका मोठ्या चमच्यात पाव ग्रॅमहूनही कमी मीठ. वर्षभराच्या लोणच्याच्या तुलनेत जवळजवळ आठवा हिस्सा. दोन्ही जेवणांत एकेक चमचा घेणाऱ्या माणसाचे दिवसाचे तीन ग्रॅमच्या वर मीठ वाचते, आणि ताटाची डावी बाजू रिकामीही राहत नाही. शिवाय दोन चमचे का होईना, कच्ची भाजी पोटात जाते आणि लिंबू-मिरचीतले ‘क’ जीवनसत्त्व मिळते. अर्थात, कमी मिठाचे म्हणून वाटीभर खाल्ले तर पुन्हा दीड ग्रॅम मीठ गेलेच. लोणचे तोंडी लावण्यापुरतेच असावे.

किती दिवस आणि कुठे

मीठ कमी केल्याची किंमत म्हणजे हे लोणचे बाहेर राहत नाही. फ्रीजमध्ये ते पाच ते सात दिवस चांगले राहते. त्यापुढे ठेवू नये. थोडे करावे, संपले की पुन्हा करावे. ज्या घरी फ्रीज नाही, किंवा वीज तासन् तास जाते, तिथे सकाळी केलेले लोणचे त्याच दिवशी संपवावे. चैत्र-वैशाखात पाथर्डीकडे घरातही अंग भाजून काढणारी उष्णता असते आणि बहुतेक जंतूंना नेमके हेच तापमान मानवते. कैरी-कांद्याचा तक्कू अशा घरांसाठी उत्तम. किसलेली कैरी, बारीक चिरलेला कांदा, तिखट, जरासे मीठ आणि थंड फोडणी. दहा मिनिटांत होतो आणि एका जेवणात संपतो. चव जमवायला गूळ घालायचा असेल तर मधुमेहींनी तो टाळावा.

बरणीला पूर्वी दादरा बांधत, ओला हात लावू देत नसत, विटाळशीपासून ती दूर ठेवत. यातली पहिली दोन पथ्ये शास्त्राला धरून आहेत, तिसऱ्याला कोणताही आधार नाही. पाळी चालू असलेल्या बाईने लोणच्याला हात लावला म्हणून ते नासत नाही. ओला किंवा उष्टा चमचा मात्र कोणाचाही असो, लोणचे नासवतो. पाण्याचे थेंब आंबटपणा आणि मीठ पातळ करतात, उष्ट्या चमच्याबरोबर तोंडातले जंतू जातात. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे धातू अन्नात उतरतो. ॲल्युमिनियमही आंबटाने झिजते. काच किंवा चिनी माती सर्वांत चांगली. रंगाचे किंवा औषधाचे रिकामे प्लास्टिकचे डबे धुऊनही वापरू नयेत.

लोणच्यावर पांढरी साय आली, बुरशीचा ठिपका दिसला, फेस आला किंवा वास बदलला, तर वरचे काढून खालचे खाण्याचा मोह टाळावा. दिसते तो बुरशीचा फक्त वरचा भाग असतो, तिचे धागे खाली गेलेले असतात. सगळे टाकून द्यावे. पाव किलो गाजराची किंमत दवाखान्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

एक धोका मात्र ना दिसतो, ना वासाला येतो. लसूण किंवा मिरची-लसणाचा ओला ठेचा करून, तो तेलात बुडवून, बरणी ओट्यावरच आठवडे-महिने ठेवण्याची पद्धत काही घरांत असते. लसणाला मातीतले बोटुलिझमचे बीजाणू चिकटलेले असू शकतात आणि ते साध्या उकळण्यानेही मरत नाहीत. तेलाखाली हवा नाही, आंबटपणा नाही, मीठही बेताचे, हवामान गरम. या जंतूला हवे ते सगळे एका जागी. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात १९८५ मध्ये एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणामुळे तीसहून अधिक लोकांना बोटुलिझम झाला होता. तो लसूण फ्रीजबाहेर ठेवलेला होता. असा प्रसंग विरळ असला तरी टाळणे सोपे आहे. ओला ठेचा रोजचा रोज करावा, किंवा त्यात भरपूर लिंबू पिळून फ्रीजमध्ये ठेवावा. असे काही खाल्ल्यानंतर दोन-दोन दिसणे, पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळायला त्रास होणे, हातपाय लुळे पडणे यांपैकी काही जाणवले तर घरी वेळ न घालवता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे.

काही समज, काही पथ्ये

‘सैंधव मीठ बीपीला चालते’ हा समज गावोगाव आढळतो. सैंधव हेही जवळजवळ पूर्णपणे सोडियम क्लोराइडच असते. रंग गुलाबी असला तरी रक्तदाबावर परिणाम तोच. उलट साध्या सैंधवात आणि खडेमिठात आयोडीन नसते, त्यामुळे रोजच्या वापराला आयोडीनयुक्त मीठच ठेवावे. त्याने लोणचे बिघडत नाही.

अलीकडे ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांत अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना, आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना, हे पोटॅशियम घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये.

‘लोणच्याने पोटात चांगले जंतू जातात’ असेही आता ऐकू येते. मिठाच्या पाण्यात मुरवून, आंबवून केलेल्या भाज्यांबाबत त्यात तथ्य आहे. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरात घातलेल्या तात्पुरत्या लोणच्यात मात्र आंबवण्याची क्रिया होतच नाही. त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवू नये.

उन्हात राबणाऱ्यांचा एक प्रश्न रास्त असतो : घामावाटे मीठ जाते, मग लोणचे जास्त खाल्लेले बरे नाही का? घामातून मीठ जाते हे खरे, पण शरीराला उन्हाची सवय झाली की घामातले मीठ कमी होते, आणि नेहमीच्या जेवणात ते मुळातच गरजेपेक्षा जास्त असते. उसाच्या फडात किंवा रोजगार हमीच्या कामावर कमी पडते ते पाणी. तहान लागायची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. खूप घाम येऊन गोळे आले, चक्कर आली किंवा जुलाब झाले तर मीठ-साखर-पाणी किंवा जलसंजीवनी घ्यावी. लोणच्याची फोड हा त्यावरचा उपाय नव्हे.

विकतच्या लोणच्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियम किती ते मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. हा हिशेब घरातल्या शाळकरी मुलांकडून करून घ्यावा. मुलांना गणित येते आणि घराला मीठ कळते.

आम्लपित्ताचा किंवा जठराच्या व्रणाचा त्रास असलेल्यांनी आंबट-तिखट लोणचे बेतानेच खावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना मीठ कडक बंद आहे, त्यांच्यासाठी हेच लोणचे मीठ अजिबात न घालता, लिंबू, मोहरी आणि मिरचीवर करता येते. ते दोन दिवसांत संपवावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कच्च्या भाज्या आणि लिंबू किती चालतील हे आधी डॉक्टरांना विचारावे. आणि लोणचे बदलले म्हणून रक्तदाबाची गोळी कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब तपासून घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते, गोळ्याही मिळतात.

वैशाख लागला की गच्च्यांवर पापड-कुरडयांची वाळवणे पडतील, ज्येष्ठात पाडाच्या कैऱ्या फोडायला अडकित्ते निघतील आणि वर्षभराची लोणची पुन्हा बरण्यांत जातील. ती घालू नयेत असे नाही. त्यांना त्यांचे मीठ द्यावेच लागेल, नाहीतर ती टिकणार नाहीत. पण ती सणावाराला, पाहुण्याला, प्रवासाच्या शिदोरीला राखून ठेवावीत. रोजच्या भाकरीबरोबर बाजारात त्या आठवड्यात जे स्वस्त आणि ताजे असेल त्याचे, लिंबाच्या भरवशावरचे लोणचे असावे. आबांना मग लोणच्याच्या बरणीकडे चोरून जावे लागणार नाही, आणि पुढच्या महिन्यात रक्तदाब मोजताना डॉक्टरांपासून काही लपवावेही लागणार नाही.